शेफना मराठी येत नाही

"त्यांना सांगा," आगाशेबाई काट्यानं मांसाचा तुकडा उचलून मला दाखवत म्हणाल्या, "की हे जनावर अजून पुरतं मेलेलं नाही."

मी गंभीरपणे मान डोलावली आणि शेजारी उभ्या असलेल्या शेफकडे वळून इटालियनमध्ये सांगितलं, "आज रविवार आहे. हवा चांगली आहे. माझ्या भावाकडे लाल सायकल आहे." सहा महिन्यांच्या क्लासात मला जेवढं इटालियन आलं होतं, त्यात याहून जड मजकूर बसत नव्हता. शेफनी डोळे मिटून ऐकून घेतलं, छातीवर हात ठेवला आणि अस्खलित इटालियनमध्ये उत्तर दिलं, की कांदे संपत आलेत आणि कोळसा आज पुन्हा ओला आलाय.

"शेफ म्हणतात," मी आगाशेबाईंना म्हणाले, "फ्लोरेन्सला मांस असंच गुलाबी वाढतात. पण इतकं चोखंदळ गिऱ्हाईक त्यांना तिकडेही भेटलं नव्हतं."

"तरी म्हटलं," आगाशेबाई म्हणाल्या आणि तो न मेलेला तुकडा त्यांनी मिटक्या मारत खाल्ला.

यातली गंमत फक्त तीन माणसांना ठाऊक होती. शेफना, मला आणि आमच्या मालकांना. शेफना आगाशेबाईंचं वाक्य शब्दन् शब्द कळलं होतं, कारण ते वसईचे होते. नाव बावतीस तुस्कानो. मराठी शाळेत शिकलेले, घरी आपली बोली आणि चर्चमध्ये मराठी भजनं म्हणत वाढलेले. एका इटालियन प्रवासी बोटीच्या मुदपाकखान्यात त्यांनी अकरा वर्षं मांस भाजलं होतं आणि इटालियन तिथंच शिकले होते. त्यातलं निम्मं मांसाबद्दल होतं आणि निम्मं चारचौघांत बोलण्यासारखं नव्हतं.

मालक रणधीर पोकळे. बाणेरात जमिनी विकून दमल्यावर त्यांना संस्कृतीची ओढ लागली, आणि त्यांनी इटालियन स्टेकहाउस काढलं. नाव ठेवायची वेळ आली तेव्हा स्वतःच्या आडनावालाच थोडं इटालियन वळण देऊन त्यांनी पाटी लावली : 'काझा पोकाली', म्हणजे पोकळ्यांचं घर. बावतीसदादांचं आडनाव ऐकल्यावर तर त्यांना आभाळ ठेंगणं झालं. तुस्कानो म्हणजे इटलीतल्या तस्कनीचेच की, ते म्हणाले. बावतीसदादा म्हणाले, आम्ही वसईतल्या नंदाखालकडचे. पोकळे म्हणाले, ते आपल्यातच राहू द्या.

तेव्हा ठरलं ते असं. शेफ इटलीचे. शेफना मराठी येत नाही. गिऱ्हाइकांचं मत ऐकायला ते रविवारी दुपारी टेबलाटेबलाशी जातील आणि त्यांच्यासोबत एक दुभाषी असेल. ती दुभाषी मी, गार्गी जोगदेव, वय चोवीस, जन्मानं आणि सवयीनं शाकाहारी. ज्या पदार्थाला मी आयुष्यात जीभ लावली नव्हती, त्याबद्दलचे पुण्याचे अभिप्राय मी वसईच्या माणसाला इटालियनमधून सांगत असे. या कामाचा मला पगार मिळत होता, आणि नातेवाइकांत माझ्याबद्दल फार चांगलं बोललं जात होतं.

समोरच्याला आपली भाषा येत नाही म्हटल्यावर माणसं किती मोकळी होतात, ते मी तिथं पाहिलं. एक गृहस्थ विचारायचे, एवढ्या मोठ्या ताटलीत एवढासा तुकडा, मग हे मांसाचे पैसे घेतात की क्रोकरीचे? दुसऱ्यांना रस्सा हवा असायचा. रस्सा नसतो म्हटल्यावर ते बायकोला म्हणायचे, अगं, यांच्याकडे खोबरं नसतं ना, बिचारे. "हे म्हशीचंच ना?" हा प्रश्न प्रत्येक टेबलावर कुजबुजून विचारला जायचा, हो म्हटलं की निम्मे सुटकेचा श्वास टाकायचे आणि निम्मे हिरमुसायचे. एका बाईंनी शेफकडे पाहून हसत हसत नवऱ्याला सांगितलं, की हा माणूस आपल्या कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्यासारखा दिसतो, इटालियन लोक काही म्हणतात एवढे देखणे नसतात हो. शेफनी त्यांना वाकून "ग्रात्सिए, सिन्योरा" म्हटलं.

आगाशेबाई या सगळ्यांच्या मुकुटमणी. निवृत्त प्राध्यापिका. दर रविवारी पाच नंबरचं टेबल त्यांचं, सोबत मिस्टर आगाशे. ते कधी बोलत नसत, कारण त्यांच्या वाटचं बाई बोलत असत. जेवण आवडत नाही म्हणून त्या चार महिने न चुकता येत होत्या.

मी एकदा बावतीसदादांना विचारलं, की तुम्हांला राग कसा येत नाही? दुपारची गर्दी ओसरली होती आणि ते मागच्या दारात चहा पीत बसले होते.

"बोटीवर मला नाव नव्हतं, बाय. चौदा नंबर म्हणायचे. चौदा, मांस आण. चौदा, आग वाढव," ते म्हणाले. "पोकळेसाहेब बोललेत, सहा महिने. एकदा लोकांच्या जिभेला चव लागली की सांगून टाकू, शेफ वसईचा आहे. मेनूवर नाव घालणार. मग आईला आणीन. अकरा वर्षं तिनं माझ्या हातचं फक्त फोटोत बघितलंय. रोज फोनवर विचारते, येऊ का? मी सांगतो, थांब गं थोडी."

आईला आत्ताच आणायला पोकळ्यांनी साफ नकार दिला होता. लाल लुगड्यातली आई दारात उभी राहिली तर तस्कनीचं काय होणार? बावतीसदादा भिंतीवरच्या कॅलेंडरवर दर रविवारी एक फुली मारायचे. सोळा झाल्या होत्या. दहा उरल्या होत्या.

सतराव्या रविवारी घात झाला, आणि तो शिव्यांनी नाही, कौतुकानं केला.

त्या दिवशी पोकळे स्वतः हजर होते. मुंबईचे दोन भागीदार जेवायला आले होते, दुसरी शाखा काढायचं चाललं होतं. खिडकीजवळ एक म्हातारे गृहस्थ मुलाबरोबर बसले होते. पांढरी दाढी, डोक्यावर विणलेली टोपी. ते रहमतुल्ला कुरेशी. कॅम्पातल्या त्यांच्या दुकानातूनच आमचं मांस यायचं. दुकान आता मुलगा बघत होता आणि त्यानंच वडिलांना हौसेनं आणलं होतं. आम्ही टेबलाशी गेलो तेव्हा म्हातारबाबांनी वर पाहिलं नाही. ते शेवटचा तुकडा खात होते. तो संपल्यावर त्यांनी हात पुसले आणि माझ्याकडे वळले.

"बेटी, याला सांग, हा माल आमचा आहे. पन्नास वर्षं मी हाच माल कापला. पण माझ्या घरी हा असा कधी लागला नाही." ते थोडे थांबले. "लोकांना घाई असते. यानं घाई केलेली नाही. याला विचार, मुरायला किती दिवस टांगून ठेवलं होतं?"

मी इटालियनमध्ये सायकलीबद्दल काहीतरी सांगायला तोंड उघडलं. शेजारी काहीच हालचाल नाही म्हणून पाहिलं, तर बावतीसदादांचे डोळे भरून आले होते.

"नऊ दिवस, चाचा," ते मराठीत म्हणाले. "मागच्या थंड खोलीत. कोणाला सांगितलं नव्हतं. तुम्ही पहिले ओळखलंत."

आगाशेबाईंचा घास हवेत राहिला. पोकळ्यांचे भागीदार पोकळ्यांकडे पाहू लागले. पोकळे मात्र जमिनीच्या धंद्यात मुरलेले; पायाखालची सरकली तरी विकून दाखवतील. ते हसत उठले आणि टाळी वाजवून म्हणाले, "बघितलंत? चार महिन्यांत मराठी शिकले आमचे शेफ. पुण्याच्या प्रेमापोटी. जोगदेव मॅडमनी शिकवलं. शिकवलंत ना, मॅडम?"

बावतीसदादांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा तोवर उजळलेला होता. चार महिन्यांनी स्वतःच्या आवाजात बोललेला माणूस होता तो, आणि मी फक्त 'नाही' म्हणायचा अवकाश होता. मला नोकरी दिसली. घरचे दिसले. दोघांचीही नोकरी वाचेल, असंही मी स्वतःला पटकन सांगून टाकलं, म्हणजे स्वार्थाला जरा बरे कपडे मिळतात.

"हो," मी म्हटलं. "मीच शिकवलं."

मग टाळ्याच टाळ्या. आगाशेबाई खुर्चीतून उठल्या. "प्रयत्न स्तुत्य आहे हं," त्या शेफना सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या. "उच्चार जरा परदेशी वाटतात. पण होईल, सरावानं होईल." जन्मभर मराठी बोललेल्या माणसानं वाकून त्यांचे आभार मानले. म्हातारे कुरेशी तेवढे टाळ्या न वाजवता बसले होते. जाताना त्यांनी बावतीसदादांचा हात दोन्ही हातांत धरला.

बुधवारी वर्तमानपत्राच्या पुरवणीत फोटोसकट आलं : इटलीच्या शेफची मायमराठी. पोकळ्यांनी कात्रण फ्रेम करून दाराशी लावलं आणि बावतीसदादांना बोलावून समजावलं, की आता सहा महिन्यांची गोष्ट विसरायची. भागीदारांना इटालियनच हवाय, मराठी बोलणारा इटालियन तर फारच हवाय. आता वसईचं नाव काढलं तर सगळेच तोंडावर आपटू. मग आईचं काय, त्यांनी विचारलं. पोकळे म्हणाले, आईला पार्सल पाठवा ना, माझ्याकडून. कॅलेंडरवर सतरावी फुली मारली गेली नाही, आणि ती का नाही ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पुढच्या रविवारी दुपारी एक वाजता त्या आल्या.

मी त्यांना काचेच्या दारातूनच ओळखलं. बावतीसदादांचंच रुंद कपाळ, तीच एका पायावर भार देऊन उभं राहायची लकब. लाल चौकड्यांचं लुगडं, गळ्यात क्रॉसची माळ, हातात कापडी पिशवी. निगडीला कुणाचा तरी बाप्तिस्मा होता, त्यासाठी आल्या होत्या. मुलगा रोज 'थांब' म्हणतो, तर आपणच जाऊन चकित करावं असं त्यांनी ठरवलं होतं. हे मला नंतर कळलं. दाराशी कात्रण लावलं होतं. त्यात मुलाचा फोटो. त्यांनी पिशवीतून चष्मा काढला आणि उभ्या उभ्या ते सगळं वाचलं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. मग चष्मा नीट घडी करून ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"एकच पान आहे," त्या म्हणाल्या. "जागा आहे का?"

रिकामं टेबल एकच होतं, आगाशेबाईंच्या शेजारचं. आगाशेबाईंना दया करायला माणूस हवंच होतं. त्या लगेच पुढे झुकल्या. "आजी, इथले शेफ इटलीचे आहेत बरं का. येतील आत्ता विचारायला. मराठी नवीन आहे त्यांना, तेव्हा हळू बोला. घाबरू नका."

आजींनी एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"बरं," त्या म्हणाल्या. "हळू बोलेन."

मी स्वयंपाकघरात धावले. बावतीसदादांना सांगितलं, आई आलीय, पाच नंबरच्या शेजारी. त्यांचा चिमटा हातातच राहिला. काय करू, असं त्यांनी मला विचारलं. ज्या बाईनं आठ दिवसांपूर्वी 'हो' म्हणून त्यांचं तोंड बंद केलं होतं, तिलाच. त्यांनी मांस काढलं, लाकडी पाटावर विसावू दिलं आणि पातळ पातळ कापलं, असं ते कुणासाठी कापत नसत. डाव्या बाजूनंच चावता येतं तिला, ते स्वतःशीच पुटपुटले.

बाहेर पोकळ्यांनी आजींना हेरलं होतं. लुगड्यातली म्हातारी स्टेक खातेय, याहून चांगली जाहिरात कुठली? पुरवणीचा फोटोग्राफर त्या दिवशी फुकट जेवायला आलाच होता, मुंबईचे भागीदारही पुन्हा आले होते. पोकळ्यांनी हुकूम सोडला : शेफना बोलवा, आजींचं मत घेऊ, फोटो काढू.

बावतीसदादा टोपी घालून आले आणि आईसमोर उभे राहिले. मी मध्ये. आसपासची टेबलं खुर्च्या वळवून बसली. आजींनी ताटली स्वच्छ केली होती.

"ह्यांना विचार, बाय," त्या मला म्हणाल्या, अगदी हळू, सांगितलं होतं तशा, "मांस असं भाजायला कोणी शिकवलं?"

त्या एका प्रश्नापुरतं इटालियन मला येत होतं. मी विचारलं. चार महिन्यांत पहिल्यांदा मी खरं भाषांतर करत होते.

"मिया माद्रे," ते म्हणाले.

"आईनं शिकवलं, म्हणतात."

आजींनी मान हलवली. "मग त्या माउलीला कधी खायला घातलं का, विचार."

मी तोंड उघडायच्या आतच उत्तर आलं, मराठीत.

"आज घातलं."

काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू. पोकळ्यांनी तर शीळ घातली. "आठ दिवसांत केवढा फरक हो!" आगाशेबाई मला म्हणाल्या. "उच्चार अगदी सुधारला. मेहनत घेतलीस तू." फोटोग्राफर म्हणाला, आजी, जरा शेफच्या जवळ सरका. पोकळे म्हणाले, शेफ, खांद्यावर हात ठेवा, लाजू नका. त्यांनी आईच्या खांद्यावर हात ठेवला. फोटो निघाला. आजी कॅमेऱ्याकडे पाहून हसल्याही, परक्या माणसाबरोबर फोटो काढताना बायका हसतात तेवढंच. मुलाचं सोंग उघडं पडू नये म्हणून ती बाई आपल्याच मुलाची कुणी नव्हती, आणि मी टाळ्या वाजवत होते. पोकळे माझ्याकडे पाहत होते ना.

मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेले. पायरीवर त्या थांबल्या आणि पदरानं तोंड पुसलं.

"बारीक झालाय," त्या म्हणाल्या. "हे त्याला सांगू नको. कुठल्याच भाषेत."

आणि रस्ता ओलांडून रिक्षाच्या रांगेकडे चालू लागल्या.

मी आत आले. बावतीसदादा अजून त्या रिकाम्या ताटलीपाशीच उभे होते. चार महिन्यांत त्या एका प्रश्नोत्तराखेरीज कुणाचंच बोलणं मी जसंच्या तसं पोचवलं नव्हतं. मी त्यांच्यासमोर गेले आणि साध्या आवाजात, मराठीत सांगितलं, "त्या म्हणाल्या, तुम्ही बारीक झालात. आणि हे तुम्हांला सांगू नको, असंही म्हणाल्या."

त्यांनी डोक्यावरची टोपी काढून आगाशेबाईंच्या टेबलावर ठेवली आणि पुढच्या दारानं बाहेर गेले. आधी चालत गेले, मग पळत.

"काय सांगितलंस त्यांना?" पोकळे माझ्या अंगावर आले.

"आईचा निरोप."

"कुणाच्या आईचा?"

"त्यांच्या. वसईहून आल्या होत्या. तेही वसईचेच आहेत."

हे मी काही ओरडून सांगितलं नाही, पण ऐकू सगळ्यांना गेलं. मग मिस्टर आगाशे, ज्यांचा आवाज त्या जागेनं कधी ऐकला नव्हता, त्यांनी ताटली पुढे सरकवली आणि म्हणाले, की मला हे पहिल्यापासून कच्चंच वाटत होतं. खिडकीजवळ कुणीतरी म्हणालं, तरीच म्हटलं, चवीला काहीतरी कमी आहे. पाच मिनिटांपूर्वी तोंडात विरघळत असलेलं मांस हॉलभर एकदम चिवट निघालं. भागीदार कोट शोधू लागले आणि पोकळे त्यांच्यामागे दारापर्यंत.

आगाशेबाई तेवढ्या काचेतून बाहेर पाहत होत्या. रस्त्यापलीकडे रिक्षाच्या रांगेत एक माणूस एका म्हातारीच्या हातातली पिशवी घेऊ पाहत होता आणि ती देत नव्हती.

"म्हणजे," आगाशेबाई हळूच म्हणाल्या, "आम्ही इतके दिवस जे काही बोललो, ते त्यांना कळत होतं?"

"सगळं."

त्यांचा चेहरा उतरला. मी त्यांना त्यापूर्वी असं कधी पाहिलं नव्हतं. "मग एकदा तरी उलट बोलायचं," त्या म्हणाल्या. "एकदाही बोलले कसे नाहीत?"

"बोलायची बंदी होती त्यांना," मी म्हटलं. "आणि ती मोडू नये म्हणून शेजारी उभं राहायचा पगार मला होता."